छेद विचारा: हृदयातलं यंत्र, एआय आणि कड्याचे नाना



मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता, शरीरात बसवलेल्या हृदय-यंत्रांच्या दूरस्थ देखरेखीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर. विषय चांगला आहे, नवा आहे, गाइडलाही आवडलाय. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘९९.३ टक्के’ असा आकडा होता. मी फोन करून विचारलं, "हे ९९.३ टक्के कशाचे?" तो म्हणाला, "अचूकतेचे, ताई." मी म्हणाले, "ते कळलं. पण छेदात काय आहे?" पलीकडे शांतता.

आजचा लेख त्या शांततेबद्दल आहे. शाळेत अंश आणि छेद शिकलो तेव्हा छेद नुसता रेघेखाली बसलेला असायचा. संशोधनात सगळी गोम तिथेच असते. या क्षेत्रातले दोन-तीन गाजलेले दावे आज आपण नीट वाचून बघू. दावा खोटा नसतानाही वाचणाऱ्याची फसगत कशी होते, हे त्यातून कळेल. आणि हे सगळं मी आमच्या कड्यातून बघणार आहे. माझ्यापुरता हा विषय पेपरात सुरू झालाच नाही, शेजारच्या नानांच्या घरात सुरू झाला.

आधी थोडी ओळख

हृदयात बसवायच्या यंत्रांचे ढोबळ चार प्रकार धरा. ठोके मंदावले की विजेचा बारीक झटका देऊन ठोका पाडतो तो पेसमेकर. जीवघेणा वेगवान ताल सुरू झाला की मोठा झटका देऊन तो तोडतो तो आयसीडी. हृदयाच्या दोन्ही बाजूंच्या ठोक्यांचा मेळ घालतो तो सीआरटी. आणि उपचार काहीच न करता नुसती नोंद ठेवतो तो लूप रेकॉर्डर. हा शेवटचा छातीच्या कातडीखाली बसवतात.

ही यंत्रं उपचारासोबत नोंदीही ठेवतात. बॅटरी किती उरली, तार नीट आहे का, ताल कधी बिघडला, रुग्ण दिवसात किती हालचाल करतो, असं बरंच काही त्यांच्यात साठत असतं. पूर्वी हे बघायला रुग्णाला दवाखान्यातच जावं लागायचं. २००१ च्या सुमारास ही माहिती घरूनच पाठवण्याची सोय सुरू झाली. पलंगाशेजारी एक डबा ठेवायचा. रात्री रुग्ण झोपला की डबा यंत्राशी बिनतारी बोलतो आणि मोबाइल नेटवर्कवरून माहिती कंपनीच्या सर्व्हरवर धाडतो. डॉक्टर किंवा तंत्रज्ञ ती वेबसाइटवर बघतात. आता काही नव्या यंत्रांत डब्याऐवजी ब्लूटूथ आणि मोबाइल अ‍ॅप वापरतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डबा बंद पडला म्हणून पेसमेकर बंद पडत नाही. तो आपलं काम करतच राहतो. बंद पडते ती फक्त बातमी.

ही सोय उपयोगी आहे यात शंका नाही. अमेरिकेतल्या ‘ट्रस्ट’ या चाचणीत १३०० हून जास्त रुग्ण होते. २०१० साली तिचे निष्कर्ष आले. दवाखान्यातल्या तपासण्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि सुरक्षिततेत तोटा दिसला नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीने तर अशा रुग्णांना दूरस्थ देखरेख द्यावीच, अशी सर्वांत वरच्या दर्जाची शिफारस केली.

मग एआय कशाला?

कारण बातम्यांचा पूर आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ हजारांहून जास्त रुग्णांच्या एका वर्षाच्या नोंदी तपासल्या होत्या. सुमारे २ लाख संदेश आले आणि त्यांतले साधारण ४० टक्के ‘अलर्ट’ होते. म्हणजे ८० हजारांच्या वर अलर्ट, आणि प्रत्येक अलर्ट कुणीतरी माणसाने उघडून बघायचा. त्यातले किती खरे? लूप रेकॉर्डरचा त्रास इथे सगळ्यात जास्त. रुग्ण हलला, यंत्राचा त्वचेखालचा संपर्क जरा सैल झाला, तरी त्याला वाटतं की ठोका थांबला.

या पुराला बांध घालण्यासाठी एआय आलं. त्याची कामं दोन प्रकारची. पहिलं काम गाळणीचं, म्हणजे खोटे अलर्ट बाजूला काढायचे. दुसरं भाकिताचं, म्हणजे रुग्ण बिघडण्याआधीच सांगायचं. दोन्हींचं एकेक उदाहरण घेऊ. पण त्याआधी नानांना भेटू.

नाना आणि डबा

कडा हे आष्टी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. जिल्हा बीड, पण दवाखान्याला माणसं नगरकडे वळतात (आता अहिल्यानगर म्हणायचं). २०२२ च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. ज्या रेल्वेची वाट आमच्या आजोबांच्या पिढीने बघितली, ती आली. हृदयविकाराचा तज्ज्ञ मात्र अजून गावात आलेला नाही.

नाना आमच्या शेजारचे. काही वर्षांपूर्वी ते चक्कर येऊन दोनदा पडले. एका मोठ्या शहरात दाखवलं, ठोके फार मंद निघाले, पेसमेकर बसला. सोबत डबा मिळाला. दोन महिने तो पलंगाशेजारी लावलेला होता. मग घरात टीव्ही आला आणि त्या भिंतीला प्लग एकच. डबा कपाटावर गेला. मी एकदा विचारलं तर नाना म्हणाले, "आगं पोरी, त्या डबड्यातून ना गाणं लागतं ना फोन. रातभर लाईट कशाला जाळायची?"

हसू नका. त्या डब्याचं काम काय, हे त्यांना त्यांच्या भाषेत बसून कुणी समजावलंच नव्हतं. डिस्चार्जच्या गडबडीत एक पुस्तिका हातात पडली, तीही इंग्रजीत.

दुसरी अडचण त्याहून मोठी. नानांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येते. चार-पाच महिने कोपीवर काढायचे. दोघंही फडात गेल्यावर लहान पोरांकडे बघायला नानांना सोबत नेतात. म्हणजे डबा प्लगला असता तरी तो कड्यात आणि नाना दोनशे-अडीचशे किलोमीटरवर कोपीत. मुलाच्या फोनवर अ‍ॅप टाकलं असतं तर? तो फोन दिवसभर मुलाबरोबर फडात, आणि कोपीवर चार्जिंगची सोय कधी असते, कधी नसते.

एका एप्रिलमध्ये नाना परतले ते पार गळून गेलेले. दारातून ओट्यापर्यंत आले की बसायचे. सगळ्यांनी वय धरलं, ऊन धरलं. पंधरा दिवसांनी तपासलं तेव्हा कळलं की पेसमेकरची बॅटरी बदलायची पातळी ओलांडून गेली होती. ती पातळी आली की बरीच यंत्रं वीज वाचवायला साध्या पद्धतीवर उतरतात आणि काही रुग्णांना त्यातूनच थकवा जाणवतो. यंत्र बदललं, नाना आता ठीक आहेत. पण ही बातमी त्यांच्या छातीतल्या यंत्राला आधीच ठाऊक होती. बाहेर यायला तिला वाट नव्हती.

बॅटरीची पातळी सांगायला एआय लागत नाही, साधा नियम पुरतो. ही सगळ्यात सोपी बातमी होती आणि तीही पोचली नाही. आता या चष्म्यातून ते दोन दावे वाचा.

पहिला दावा: गाळणी

मेडट्रॉनिक कंपनीच्या लूप रेकॉर्डरसाठी ‘अ‍ॅक्युऱ्हिदम एआय’ नावाची प्रणाली आहे. २०२१ साली तिला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. यंत्राने पाठवलेला ईसीजीचा तुकडा सर्व्हरवर येतो, तिथे डीप लर्निंगचं मॉडेल तो तपासतं आणि खोटा वाटला तर बाजूला काढतं. कंपनीने दिलेले आकडे असे: एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरीचे, खोटे अलर्ट ७४.१ टक्क्यांनी घटले. ठोका थांबल्याचे खोटे अलर्ट ९७.४ टक्क्यांनी घटले. आणि थरथरीचे ९९.३ टक्के खरे अलर्ट शाबूत राहिले.

आमच्या ज्युनिअरचा ९९.३ तो हाच. आता छेद विचारू. ९९.३ टक्के कशाचे? यंत्राने आधीच पकडून पाठवलेल्या खऱ्या अलर्टचे. यंत्राला जे दिसलंच नाही ते या छेदात नाही. दिसलं पण डब्यापर्यंत गेलं नाही, तेही नाही. गाळणी वर ओतलेल्या पाण्यातला गाळ काढते, विहिरीत पाणी किती आहे ते तिला माहीत नसतं.

उदाहरणादाखल कल्पित आकडे घ्या. थरथरीचे १०० खरे प्रसंग घडले. यंत्राने ९० पकडले. गाळणीने त्यातले ९९.३ टक्के ठेवले, म्हणजे साधारण ८९. तर मूळच्या प्रसंगांच्या हिशेबात हाती ८९ टक्के आले. हा काही वाईट आकडा नाही. पण तो ९९.३ नाही.

आणखी एक प्रश्न अशा प्रत्येक पेपरला विचारायचा: मोजणी प्रसंगांची आहे की माणसांची? एका रुग्णाचे पाचशे प्रसंग असू शकतात आणि दुसऱ्याचा एकच. सगळे प्रसंग एका टोपलीत टाकून टक्केवारी काढली तर त्या पहिल्या माणसाचं मत पाचशे वेळा मोजलं जातं. ज्याचा एकुलता एक प्रसंग सुटला, तो टक्केवारीत दिसतही नाही. म्हणून पेपरमध्ये रुग्णनिहाय निकाल दिलाय का ते शोधा. नसेल तर परीक्षणात तसं लिहा.

एवढं बोलून मी ही प्रणाली वाईट ठरवत नाहीये. उलट, जी नर्स रोज शेकडो अलर्ट उघडते तिच्यासाठी हे मोठं वरदान आहे. खोट्यांचा ढीग कमी झाला की खऱ्याकडे लक्ष जातं. माझी हरकत त्या आकड्याच्या जागेवर आहे. तो नर्सच्या टेबलाबद्दल बोलतो आणि आपण तो रुग्णाच्या आयुष्याबद्दल वाचतो.

दुसरा दावा: भाकीत

बोस्टन सायंटिफिकची ‘हार्टलॉजिक’ ही प्रणाली हृदय कमजोर असलेल्या रुग्णांसाठी आहे. हृदयाचे आवाज, छातीतला विद्युत-अवरोध, श्वास, रात्रीचे ठोके, हालचाल अशा बऱ्याच मोजमापांतून ती एक निर्देशांक काढते. तो ठरलेल्या मर्यादेवर गेला की अलर्ट. याला काटेकोर अर्थाने एआय म्हणावं का, यावर वाद घालता येईल. पण आढावा लेखांत ती याच रांगेत उभी असते, म्हणून घेऊ.

तिचा मूळ अभ्यास ‘मल्टिसेन्स’, २०१७ सालचा. एकूण ९०० रुग्ण, त्यातल्या ५०० जणांच्या माहितीवर निर्देशांक बांधला आणि उरलेल्या ४०० जणांवर तपासला. ही मांडणी शिकण्यासारखी आहे. ज्या डेटावर मॉडेल शिकलं त्याच डेटावर परीक्षा घेतली नाही. आपल्याकडचे किती प्रबंध हे पाळतात, ते तुम्हीच बघा.

निकाल: सेन्सिटिव्हिटी ७० टक्के, आणि बिघाडाच्या साधारण ३४ दिवस आधी इशारा (हा मध्यक आहे). ऐकायला फारच छान. आता छेद. तपासणीच्या गटात हृदय बिघडण्याच्या घटना ५० होत्या. म्हणजे ७० टक्के हे ५० पैकी ३५. म्हणून विश्वास-अंतरालही रुंद आहे, ५५.४ ते ८२.१ टक्के. लेखकांनी हे लपवलेलं नाही, गोषवाऱ्यातच छापलंय. उद्धृत करणारे मात्र ७० तेवढा उचलतात आणि कंसातलं सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

दुसरा आकडा: ज्याचं कारण सापडलं नाही असे अलर्ट दर रुग्णामागे वर्षाला १.४७. एका रुग्णाला वर्षात दीड अलर्ट म्हणजे किरकोळ वाटतं. पण एखाद्या दवाखान्याकडे असे १००० रुग्ण असतील तर वर्षाला १४७० झाले, म्हणजे रोज चार. प्रत्येकाला फोन करायचा, वजन विचारायचं, पायाला सूज आहे का विचारायचं. हे करणारा माणूस पगारावर आहे का?

तिसरा प्रश्न: ही माणसं कोण होती? तपासणीच्या गटात ७२ टक्के पुरुष, सरासरी वय ६६.८ वर्षं, आणि सगळ्यांच्या छातीत सीआरटी-डी हे महागडं यंत्र. आता नानांच्या सुनेसारखी बाई डोळ्यांसमोर आणा. पाच महिने रोज पहाटेपासून मोळ्या उचलायच्या आणि पट्टा पडला की एकदम हालचाल कमी. हालचाल घटणं हे हृदय बिघडण्याचं चिन्ह मानणारा निर्देशांक अशा आयुष्याला काय म्हणेल? मला उत्तर गृहीत धरायचं नाही. कदाचित बाकीची मोजमापं त्याला सावरून घेतील. पण तपासायला हवं. आणि ते कोण तपासणार? ज्याने कोपी बघितलीय तोच.

अलर्टनंतर काय?

समजा दोन्ही प्रणाली अगदी अचूक आहेत. पुढे काय? या प्रश्नाचं उत्तर एआयच्या पेपरमध्ये सहसा नसतं. ते जुन्या चाचण्यांमध्ये आहे, म्हणून त्या वाचा. या दोन शेजारी ठेवून वाचा.

‘इन-टाइम’, २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ६६४ रुग्ण. रोजच्या रोज माहिती यायची, एका मध्यवर्ती कक्षात माणसं ती बघायची आणि गरज पडली की रुग्णाला फोन जायचा. वर्षभरात प्रकृती खालावलेले रुग्ण देखरेखीच्या गटात १८.९ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.२ टक्के. मृत्यू १० विरुद्ध २७.

‘रेम-एचएफ’, २०१७ सालची, इंग्लंडमधली. १६५० रुग्ण. इथे माहिती आठवड्याने बघायचे. निकाल: मृत्यू किंवा हृदयविकारासाठी दाखल होणं यात दोन्ही गटांत फरक नाही. ४२.४ विरुद्ध ४०.८ टक्के.

दोन्हीकडे यंत्रं होती, माहिती होती, शिकलेले डॉक्टर होते. फरक कशाने पडला यावर तज्ज्ञांत चर्चा आहे. रुग्ण वेगळे होते, यंत्रांच्या पद्धती वेगळ्या होत्या, हेही खरं. पण बऱ्याच जणांचं बोट एकाच गोष्टीकडे जातं: माहिती किती लवकर बघितली आणि बघून नेमकं काय केलं. मलाही तेच पटतं. अलर्टची किंमत अलर्टमध्ये नसते, त्यानंतरच्या कृतीत असते.

हे गणितात मांडू. साखळीत सहा कड्या धरा: जोडणी चालू आहे, यंत्राने ओळखलं, एआयने चुकून गाळलं नाही, माणसाने वाचलं, रुग्णापर्यंत निरोप गेला, रुग्ण उपचाराला आला. प्रत्येक कडी १० पैकी ९ वेळा टिकते असं समजा आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं माना. ०.९ सहा वेळा गुणलं की ०.५३. एआयची कडी ०.९ वरून ०.९९ वर नेली तर एकूण ०.५८. बरं झालं. आता जोडणीची कडी ०.३ करा, म्हणजे दहा घरांपैकी तीन घरांतच डबा चालू. एकूण ०.१८ वर येतं. तिथे एआयची कडी ०.९९ केली तर ०.१९. एवढी मेहनत आणि हाती एक-दोन शतांश. उलट एआयला हात न लावता जोडणी ०.३ ची ०.९ केली तर सगळं तिप्पट होतं.

आकडे कल्पित आहेत, गुणाकार खरा आहे. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी कोणती ते आधी शोधा, मग ठरवा की मॉडेल कशासाठी बांधायचं.

आपल्याकडे साखळी जुळते का?

जुळते, आणि त्याचं उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. २०१८ च्या अखेरीस तिथे ‘स्टेमी-गोवा’ हा प्रकल्प सुरू झाला. हा शरीरातल्या यंत्राचा विषय नाही, हृदयविकाराच्या झटक्याचा आहे. पण रचना बघण्यासारखी आहे. लहान सरकारी केंद्रात ईसीजी काढायचा, तो बंगळूरच्या ‘ट्रायकॉग’च्या यंत्रणेकडे जातो, तिथे संगणक आणि डॉक्टर मिळून तो वाचतात आणि काही मिनिटांत निदान परत येतं. झटका असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच केंद्रात, आणि पुढच्या उपचारांसाठी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे एआयच्या अलीकडे ईसीजी काढणारा माणूस उभा आहे आणि पलीकडे इंजेक्शन तयार आहे. एआय मधल्या जागी बसलंय, म्हणून ते उपयोगी पडतं.

आपल्याकडच्या छेदाची आणखी एक बाजू मुंबईत दिसते. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना अमेरिकेतून आलेली, काढून घेऊन पुन्हा निर्जंतुक केलेली आयसीडी बसवली. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला: ८१ रुग्ण, १०६ यंत्रं, आणि संसर्गाची गुंतागुंत एकही नाही. असं यंत्र ज्याच्या अंगात आहे, त्याला कोण डबा देणार? त्याची माहिती कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार? आणि त्या सर्व्हरवरच्या माहितीतून शिकलेल्या मॉडेलला या माणसाची ओळख कुठून होणार? हे प्रश्न मला अजून एकाही आढाव्यात भेटलेले नाहीत.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून पेसमेकर बसतात. चांगलीच गोष्ट आहे. पण पॅकेज असतं ते प्रक्रियेचं, आणि यंत्र माणसाच्या अंगात आठ-दहा वर्षं राहतं. कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआय रुग्णाला परस्पर सल्ला देऊ शकत नाही, औषध लिहून देऊ शकत नाही. ते डॉक्टरला मदत करू शकतं. म्हणजे आपल्या नियमांनीही शेवटची कडी माणसाच्याच हातात ठेवलीय. मग तो माणूस आहे का, त्याला वेळ आहे का, हे विचारणं विषयाबाहेरचं कसं?

मग तुम्ही काय करायचं?

काही जण म्हणतील, ताई, हे सामाजिक प्रश्न झाले, आम्ही सायन्सवाले. मीही सायन्सचीच आहे, दिवसभर सिग्नलच हाताळते. नानांचा डबा बंद असणं हीसुद्धा डेटाची अडचण आहे. ज्यांची माहिती येत नाही ते यादृच्छिक नसतात. ते गरीब असतात, हिंडते असतात, म्हातारे असतात, फोन दुसऱ्याच्या हातात असलेले असतात. संख्याशास्त्रात याला अभ्यासाचं नाव आहे: माहिती नसण्याचं कारण माहितीशीच जोडलेलं असणं. त्यावर काम करणं हे पक्कं सायन्स आहे.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी प्रत्येक पेपरच्या कडेला पेन्सिलीने चार प्रश्न लिहा. टक्केवारीच्या छेदात कोण आहे? त्या छेदात येण्याआधीच कोण गळलं? मोजणी प्रसंगांची की माणसांची? आणि अलर्ट आल्यावर कुणी काय केलं? या चारांची उत्तरं वाचलेल्या पेपरमध्ये सापडली तर तुमचा आढावा भक्कम होईल. सापडली नाहीत तर तिथेच तुमची संशोधनातली पोकळी आहे. ती शोधायला वेगळं कुठे जायला नको.

आमच्या ज्युनिअरने विषय बदलला नाही, बदलायचं कारणही नव्हतं. त्याने प्रश्न बदलला. जोडणी तुटण्याचा नमुना हंगामाशी जुळतो का, आणि रुग्ण नेमके कधी गायब होतात हे मॉडेलला आधी ओळखता येईल का, हे तो आता बघणार आहे. एआय आहेच, फक्त ते कच्च्या कडीवर लावलंय.

आणि नाना? नव्या यंत्रासोबत नवा डबा आलाय. मी रविवारी जाऊन टीव्हीच्या प्लगला मल्टिप्लग लावून आले आणि डब्याचा दिवा दाखवून सांगितलं की हा विझला तर मला फोन करायचा. नानांनी विचारलं, "आन् कोपीवर गेल्यावर?" मी म्हणाले, डबा पिशवीत घालून सोबत न्यायचा. ते म्हणाले, "तिथं लाईट कुठंय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. तुमच्यापैकी कुणाच्या प्रबंधात ते सापडलं तर कड्याला नक्की या. नाना चहा पाजतील.